मुंबईची डर्बी असते तरी काय? चार वर्षांच्या घोड्याला मिळणारी एकच संधी, अन् बैलगाडा मालकांनी त्यातून घ्यायची एक गोष्ट

सुपा (ता. पारनेर) : सुपा, पारनेर, शिरूर या पट्ट्यात शर्यत म्हटलं की डोळ्यांसमोर घाट येतो. बैलगाडा, पुढं पळणारी घोडी, सेकंदाचा हिशोब अन् उधळलेला भंडारा. पण दरवर्षी फेब्रुवारी आला की मोबाईलवर दुसऱ्याच शर्यतीच्या रील फिरायला लागतात. मुंबईतलं महालक्ष्मी रेसकोर्स, टोप्या घातलेली श्रीमंत मंडळी अन् चमकणारे उंच घोडे. ही 'इंडियन डर्बी'. हा श्रीमंतांचा नाद आहे असं म्हणून आपण रील पुढं सरकवतो. पण या शर्यतीमागची पद्धत समजून घेतली तर खिल्लार बैल सांभाळणाऱ्याच्या कामाचं बरंच काही त्यात सापडतं.

एक नाही, पाच शर्यती

डर्बी ही एकटी शर्यत नाही. देशातल्या तरुण घोड्यांच्या पाच मानाच्या शर्यती असतात, त्यांना 'क्लासिक' म्हणतात. त्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या मुंबई अन् पुण्याच्या मैदानांवर होतात.

- इंडियन १००० गिनीज : फक्त माद्यांसाठी, १६०० मीटर, डिसेंबरात मुंबईला.
- इंडियन २००० गिनीज : १६०० मीटर, हीसुद्धा डिसेंबरात मुंबईला.
- इंडियन ओक्स : फक्त माद्यांसाठी, २४०० मीटर, डर्बीच्या आसपास मुंबईला.
- इंडियन डर्बी : २४०० मीटर, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईला.
- इंडियन सेंट लेजर : २८०० मीटर, सप्टेंबरात पुण्याला.

गिनीज, डर्बी अन् सेंट लेजर या तिन्ही शर्यती एकाच घोड्यानं मारल्या तर त्याला 'ट्रिपल क्राउन' म्हणजे तिहेरी मुकुट मिळाला असं म्हणतात. फार थोड्या घोड्यांना ते जमलंय.

ही नावं इंग्लंडहून आली. तिथली डर्बी १७८० साली सुरू झाली. गिनी हे तिथलं जुनं सोन्याचं नाणं. बक्षिसाची रक्कम तेवढ्या गिनींची असायची, म्हणून १००० अन् २००० गिनीज. आपल्याकडची डर्बी पहिल्यांदा १९४३ साली महालक्ष्मीला झाली. त्याआधी मुंबईत परदेशातून आणलेल्या अन् अरबी घोड्यांचाच दबदबा होता. देशात जन्मलेल्या घोड्यालाही मान मिळावा म्हणून ही शर्यत सुरू झाली. पहिली डर्बी जिंकली ती 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या मादीनं. तिचे मालक होते बडोद्याचे महाराज गायकवाड.

सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला

या शर्यतीत फक्त 'थरोब्रेड' जातीचे घोडे पळतात. आपल्या देशात या जातीच्या प्रत्येक घोड्याचं वय १ जानेवारीला एक वर्षानं वाढतं, मग तो जन्मलेला असो कोणत्याही महिन्यात.

समजा एक शिंगरू मार्च २०२२ मध्ये जन्मलं. १ जानेवारी २०२३ ला ते एक वर्षाचं धरलं जातं. २०२५ मध्ये ते तीन वर्षांचं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याची गिनीज. १ जानेवारी २०२६ ला ते चार वर्षांचं झालं, की फेब्रुवारीत डर्बी अन् सप्टेंबरात सेंट लेजर. पुढच्या वर्षी तो पाच वर्षांचा होतो अन् या शर्यतींचं दार त्याला कायमचं बंद होतं. पाय दुखावला, खोकला झाला, तरी पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही. अख्ख्या आयुष्यात संधी एकदाच.

म्हणून शिंगरं वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावीत असा पैदास करणाऱ्यांचा प्रयत्न असतो. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, तो हिशोब धरून तिला वळूकडं नेतात. नोव्हेंबरात जन्मलेलं शिंगरू दोनच महिन्यांत एक वर्षाचं धरलं जाईल अन् आपल्याहून कितीतरी मोठ्या घोड्यांबरोबर पळेल. त्यात त्याचा टिकाव कसा लागणार?

वजनाचा नियम

रोजच्या साध्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात अन् कमकुवत घोड्यावर कमी. सगळ्यांना जिंकायची संधी राहावी म्हणून हे करतात. जॉकी हलका भरला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात.

क्लासिकमध्ये ही सवलत नाही. सगळ्या नरांना सारखं वजन, माद्यांना थोडी सूट, एवढंच. डर्बीचं २४०० मीटरचं अंतर चांगले घोडे अडीच मिनिटांच्या आसपास पार करतात. त्या अडीच मिनिटांत कोणता घोडा खरोखर सरस आहे ते उघडं पडतं, अन् पुढची पैदास कोणापासून घ्यायची तेही ठरतं. डर्बी मारलेल्या घोड्याला वळू म्हणून मागणी येते. मादी असेल तर तिच्या शिंगरांना भाव येतो. बक्षीस त्याच दिवशी मिळून जातं, पण घोड्याची खरी किंमत पुढच्या पिढ्यांमध्ये निघते.

वंशावळ कागदावर

बैलगाडा मालकांनी नीट बघावं असं इथं आहे. थरोब्रेड घोड्याच्या आई-बापाची नोंद असल्याशिवाय त्याला शर्यतीत उभंच करत नाहीत. देशातल्या या नोंदी 'स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया' ही संस्था ठेवते अन् तिचं कार्यालय पुण्यातच आहे. शिंगरू जन्मलं की नोंद, अंगात मायक्रोचिप अन् डीएनए तपासून आई-बापाची खात्री. जगभरातल्या थरोब्रेड घोड्यांची नरवंशावळ मागं मागं नेली तर ती इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते. तीनशे वर्षांचा हिशोब वहीत आहे.

आणखी एक गंमत. आपल्याकडं डॉक्टर घरी येऊन गायीला सिमेन भरून जातात, ते या घोड्यांत चालत नाही. कृत्रिम रेतनातून जन्मलेल्या शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंदच होत नाही. घोडीला प्रत्यक्ष वळूकडंच न्यावं लागतं.

आता आपल्याकडं बघा. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती खुल्या झाल्या अन् पळणाऱ्या खिल्लार बैलाला लाखांत किंमत यायला लागली. पण विकताना सांगतात काय? "अमक्या गावच्या तमक्या बैलाचा आहे." कागद कुठंय? बहुतेक वेळा नसतोच. घेणारा शब्दावर पैसे मोजतो, अन् ज्याचा बैल खरोखर चांगल्या वंशाचा आहे त्यालाही ते सिद्ध करता येत नाही. नोंद नसली की दुसराही घोळ होतो. एकाच वळूच्या पोरींना पुन्हा तोच वळू दाखवला जातो अन् जवळच्या नात्यातली पैदास कमजोर निघते.

आपण काय करू शकतो?

यासाठी घोड्यासारखा खर्च लागत नाही.

१. कानात १२ अंकी टॅग मारून घ्या. जनावराची नोंद त्याच नंबरावर सरकारी 'भारत पशुधन' प्रणालीत होते.
२. सिमेन भरताना कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो डॉक्टरांना नोंदवायला सांगा अन् स्वतःही मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.
३. गाय वळूला दाखवली असेल तर तारीख, वळूच्या मालकाचं नाव अन् वळूचा टॅग नंबर वहीत लिहा.
४. वासरू झालं की जन्मतारीख अन् आईचा टॅग नंबर त्याच पानावर लिहा.
५. जनावर घेताना टॅगचा नंबर अन् नोंद जुळते का ते आधी बघा, पैसे नंतर.

चार-पाच वर्षं असं लिहिलं तर तुमच्या गोठ्याची स्वतःची वंशावळ तयार होईल.

शर्यतीनंतर घोड्याचं काय?

या घोड्यांचा आपल्या जिवाशी थेट संबंध आलाय. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथून मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. घोड्याच्या रक्तातून तिथं लस अन् प्रतिविष बनवत. हे आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, तेही घोड्यामुळंच मिळतं. नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारा घटक तयार होतो, तोच वेगळा काढून औषध बनवतात.

मोबाईलवरच्या 'टिप'पासून लांब राहा

डर्बीच्या आठवड्यात "पक्का घोडा", "पैसे डबल" असे मेसेज येतात. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली म्हटलंय. पण म्हणून गावातल्या टपरीवर किंवा अनोळखी लिंकवर पैसे लावणं कायदेशीर होत नाही. परवानगी आहे ती रेसकोर्सवर अन् क्लबच्या अधिकृत केंद्रांवर. तिथंही लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. ज्याला घोडा पक्का माहीत आहे, तो अनोळखी माणसाला फुकट कशाला सांगेल?

शर्यत बघायची तर खुशाल बघा. महालक्ष्मी लांब पडतं, पण पुण्याचं मैदान नगर रोडनं जवळ आहे अन् तिथला हंगाम पावसाळ्यात असतो. सप्टेंबरातली सेंट लेजर तिथंच पळते.