कार्ड 'झाले'त कधी टाकायचे?

क्षयाच्या संशयावरून थुंकीचा नमुना कल्चरला पाठवला, की वॉर्डच्या डिजिटल टास्क बोर्डावरचे कार्ड 'झाले' रकान्यात सरकवण्याचा मोह होतो. घोळ तिथेच होतो. हे जंतू फार सावकाश वाढतात. द्रव माध्यमातही निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी सुमारे 6 आठवडे थांबावे लागते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणून मध्ये 'रिपोर्ट बाकी' हा रकाना हवा. कार्डावर रिपोर्ट पाहण्याची तारीख आणि एकाच व्यक्तीचे नाव असावे. नुसते 'निवासी डॉक्टर' लिहिले तर कोणीच पाहत नाही. ड्यूटी बदलली की नावही बदलावे. रिपोर्ट रुग्णाला कळवल्यावरच कार्ड हलवावे. सकाळच्या राउंडला आधी हाच रकाना उघडावा. आणि हो, खासगी ॲप असेल तर रुग्णाचे नाव नको, केसपेपर क्रमांक पुरे.