खिशातले वेळापत्रक

एस. टी. च्या स्थानकात शिरताच उतारूची नजर प्रथम भिंतीवरील फलकाकडे जाते. एका बाजूला गावांची नावे आणि दुसऱ्या बाजूला गाड्या सुटण्याच्या वेळा. परीक्षेला निघालेला विद्यार्थी असो, लग्नाला निघालेले वऱ्हाड असो, की आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारे त्याचे नातलग असोत. त्या फलकावरील एका आकड्यावर विश्वास ठेवून प्रत्येकजण आपला पुढचा बेत ठरवतो. म्हणून वेळापत्रक हा केवळ आकड्यांचा तक्ता नव्हे. वाहतूक चालवणाऱ्या संस्थेने उतारूंना दिलेला तो शब्द आहे.

हा शब्द लोकांपर्यंत पोहोचवण्याची साधने काळानुसार बदलत गेली. इंग्लंडात आगगाड्या सुरू झाल्या, तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांची वेळापत्रके निरनिराळी असत. मँचेस्टर येथे नकाशे कोरण्याचा व छापण्याचा व्यवसाय करणाऱ्या जॉर्ज ब्रॅडशॉ याने १८३९ मध्ये ती एका छोट्या पुस्तकात एकत्र केली. पुढे त्याचे नाव इतके रूढ झाले, की आगगाडीच्या वेळापत्रकालाच लोक ‘ब्रॅडशॉ’ म्हणू लागले. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली आणि हळूहळू गावोगावच्या लोकांना गाडीच्या वेळेप्रमाणे आपला दिवस आखण्याची सवय लागली.

परंतु फलक आणि पुस्तक या दोन्ही साधनांत एकेक उणीव आहे. फलक वाचण्यासाठी स्थानकापर्यंत जावे लागते आणि पुस्तक एकदा छापले, की त्यातील आकडे बदलता येत नाहीत. आडवाटेच्या थांब्यावर झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला या दोहोंचाही उपयोग होत नाही. मात्र हल्ली पुष्कळांच्या खिशात मोबाइल असतो. त्या मोबाइलवर वेळापत्रक दाखवणारे वेब-ॲप तयार करता येते. मोबाइलमधील ब्राउझरवर पत्ता लिहिताच जे उघडते, आणि ज्यासाठी वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, त्याला वेब-ॲप असे म्हणतात. ते कसे घडते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका शहराची हकीकत उपयोगी पडेल.

अमेरिकेच्या पश्चिम भागात ऑरेगन नावाचे राज्य आहे. त्यातील पोर्टलंड शहरात ट्रायमेट ही सार्वजनिक संस्था बसगाड्या चालवते. बिबियाना मॅकह्यू या त्या संस्थेत संगणकाच्या विभागात काम करत होत्या. परक्या शहरात गेल्यावर त्यांना एक गोष्ट खटकली. स्वतःच्या मोटारीने कोठे कसे जावे, हे इंटरनेटवर चटकन सापडे. पण बसने कसे जावे, हे शोधण्यास मोठे कष्ट पडत. मोटार असलेल्याला सोय आणि बसने जाणाऱ्याला गैरसोय, असा हा प्रकार होता. त्यांनी गूगल कंपनीशी संपर्क साधला. तेथे ख्रिस हॅरेलसन हे अभियंते अशाच कल्पनेवर काम करत होते. दोघांच्या सहकार्याने डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडच्या गाड्यांच्या वेळा व मार्ग इंटरनेटवर शोधता येऊ लागले. शिवाय ट्रायमेटने आपली वेळापत्रके सर्वांना वापरता येतील अशी खुली ठेवली. त्यामुळे पुढे कोणीही होतकरू माणूस ती घेऊन आपले वेब-ॲप तयार करू शकला.

या कामातून वेळापत्रक लिहिण्याची एक ठरावीक पद्धत निर्माण झाली. तिला ‘जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन’ असे नाव असून थोडक्यात ‘जीटीएफएस’ म्हणतात. आज जगातील अनेक शहरे ती वापरतात. तिचा मोठा गुण म्हणजे तिचा साधेपणा. तिच्यात काही फाइली असतात आणि प्रत्येक फाइल म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या ओळींचा एक तक्ता असतो. एका तक्त्यात सर्व थांब्यांची नावे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश असतात. दुसऱ्यात मार्ग असतात. तिसऱ्यात त्या त्या मार्गावरील फेऱ्या असतात. चौथ्या तक्त्यात कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता पोहोचते, याच्या नोंदी असतात. हा तक्ता सर्वांत मोठा. पाचव्या तक्त्यात कोणती फेरी आठवड्याच्या कोणत्या वारी चालते आणि ते वेळापत्रक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, हे लिहिलेले असते. सणावारी गाड्या कमी-अधिक होतात. त्या बदलांसाठी आणखी एक तक्ता ठेवता येतो. तक्ते इतके साधे ठेवण्याचे कारण असे, की वाहतूक संस्थेतील कर्मचाऱ्याला आपल्या नेहमीच्या संगणकावर ते स्वतः वाचता व दुरुस्त करता यावेत.

आता उतारूच्या एका साध्या प्रश्नाकडे वळू. “पुढची गाडी किती वाजता?” हा तो प्रश्न होय. समजा, एका शहरात ५० मार्ग आहेत, प्रत्येक मार्गावर ३० थांबे आहेत आणि दिवसाला ४० फेऱ्या होतात. एका मार्गाच्या नोंदी होतात १,२०० आणि सर्व मार्गांच्या मिळून ६०,०००. एवढ्या नोंदी पहिल्यापासून एकेक करून वाचणे म्हणजे शब्दकोशात एक शब्द शोधण्यासाठी पहिल्या पानापासून वाचत जाण्यासारखे आहे. शहाणा माणूस तसे करत नाही. तो कोश मध्येच उघडतो, शब्द पुढे आहे की मागे हे पाहतो आणि अर्धा कोश बाजूला सारतो. संगणकही असेच करू शकतो. नोंदी आधी थांब्यांच्या व मग वेळेच्या क्रमाने लावून ठेवल्या, की दर खेपेस निम्म्या नोंदी बाजूला पडतात. ६०,००० चे ३०,०००, त्यांचे १५,००० असे करत अवघ्या सोळा पावलांत हवी ती नोंद सापडते. वेगाचे हे रहस्य नुसत्या यंत्राच्या बळात नाही. आधी केलेल्या नीटनेटक्या मांडणीत आहे.

तथापि वेगाने दिलेले उत्तर बरोबरच असेल, असे नाही. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत काम करून एखादी परिचारिका रुग्णालयातून बाहेर पडली आहे, अशी कल्पना करा. घड्याळात १२ वाजून ५० मिनिटे झाली आहेत. त्या थांब्यावरची शेवटची गाडी १ वाजून १० मिनिटांनी येते. मध्यरात्र उलटल्यामुळे दिनदर्शिकेप्रमाणे शनिवार लागलेला आहे. परंतु गाडीचे चालक आणि वाहक यांच्या दृष्टीने ही फेरी शुक्रवारच्याच कामाचा भाग आहे. म्हणून जीटीएफएसच्या पद्धतीत ती शुक्रवारच्या नोंदीत ‘२५:१०:००’ अशी लिहितात. घड्याळात पंचवीस कधीच वाजत नाहीत, पण वेळापत्रकात ते वाजतात!

ॲप तयार करणाऱ्याला ही खूण ठाऊक नसेल, तर काय होईल? परिचारिकेने मोबाइल उघडताच ॲप शनिवारच्या नोंदी पाहील आणि पहिली गाडी पहाटे साडेपाचला आहे, असे सांगेल. ती बिचारी पायी घराची वाट धरील. वीस मिनिटांनी गाडी येईल आणि रिकाम्या थांब्यावरून निघून जाईल. यंत्र बिघडले नाही, गाडी चुकली नाही, वेळापत्रकही खोटे नव्हते. तरीही दिलेला शब्द मोडला. हे टाळण्यासाठी चांगले ॲप मध्यरात्रीनंतर दोन ठिकाणी शोध घेते. आजच्या नोंदींत ते ००:५० नंतरची गाडी पाहते आणि कालच्या नोंदींत २४:५० नंतरची. दोन्ही उत्तरांतील जी गाडी लवकर येणारी, ती उतारूला दाखवते.

लहानशा चुकीचे परिणाम किती मोठे होतात, याचे आणखी एक उदाहरण नकाशावर दिसते. पोर्टलंड शहर सुमारे ४५.५ उत्तर अक्षांशावर आणि १२२.७ पश्चिम रेखांशावर वसलेले आहे. पश्चिम रेखांश लिहिताना संख्येपूर्वी उणे चिन्ह द्यावे लागते. ते चिन्ह लिहिण्याचे राहून गेले, की पोर्टलंडचा थांबा प्रशांत महासागर ओलांडून थेट ईशान्य चीनमध्ये जाऊन पडतो! म्हणून नवे वेळापत्रक हाती आले, की ते तसेच लोकांपुढे न ठेवता प्रथम तपासून घ्यावे लागते. सर्व थांबे शहराच्या परिसरात आहेत काय? एखादी गाडी मागच्या थांब्यावरून सुटण्यापूर्वीच पुढच्या थांब्यावर पोहोचल्याची नोंद तर नाही ना? असे शेकडो प्रश्न संगणक स्वतःच विचारू शकतो. मात्र कोणते प्रश्न विचारावेत, हे त्याला माणसानेच शिकवावे लागते.

पुढचा विचार मोबाइलचा. सर्वांपाशी नवे आणि महागडे मोबाइल नसतात. घाटात किंवा दरीतल्या गावात इंटरनेटही क्षीण असते. सारे वेळापत्रक एकदम पाठवले, तर पान उघडेपर्यंत गाडी निघून जावयाची. त्यामुळे उतारूने विचारलेल्या थांब्यापुरत्या पुढच्या काही वेळाच पाठवणे शहाणपणाचे ठरते. याखेरीज, एकदा उघडलेले पान मोबाइलमध्येच जपून ठेवण्याची सोय ब्राउझरमध्ये करता येते. इंटरनेट बंद पडले, तरी ते जपलेले पान दिसते. पण येथेही सावध राहिले पाहिजे. जपून ठेवलेले वेळापत्रक जुने झालेले असू शकते. म्हणून ते कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, हे पानावर स्पष्ट लिहावे. अक्षरे ठळक आणि मोठी असावीत. उशीर केवळ तांबड्या रंगाने न दाखवता शब्दांतही सांगावा, कारण काहींना रंग नीट ओळखता येत नाहीत. अंध व्यक्तींचे मोबाइल पानावरील मजकूर वाचून दाखवतात. त्यांच्यासाठी वेळा चित्रात न दडवता अक्षरांत लिहिल्या पाहिजेत.

एवढे झाल्यावर ॲप लोकांसाठी खुले करावयाचे असते. त्यासाठी ते सर्व्हरवर ठेवतात. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा आणि विचारणाऱ्याला उत्तर देणारा संगणक. त्याला इंटरनेटवर एक पत्ता असतो. नव्याने केलेला बदल थेट तेथे ठेवणे धोक्याचे असते. प्रथम तो वेगळ्या, खाजगी पत्त्यावर ठेवून पाहतात. साध्या मोबाइलवर, क्षीण इंटरनेटवर, मध्यरात्रीची वेळ धरून त्याची परीक्षा घेतात. तो उतरला, की कमी वर्दळीच्या वेळी त्याची स्थापना करतात. जुनी आवृत्ती मात्र लगेच टाकून देत नाहीत. काही बिघडलेच, तर ती काही क्षणांत परत आणता येते. नदी ओलांडताना पुढचे पाऊल दगडावर घट्ट रोवल्याशिवाय मागचे पाऊल उचलू नये, तसेच हे आहे.

काम येथे संपले, असे वाटेल. पण खरे काम येथून पुढेच सुरू होते. शाळांना सुट्टी लागली, की फेऱ्या बदलतात. पूल दुरुस्तीला निघाला, की मार्ग बदलतो. अशा प्रत्येक बदलाबरोबर ॲपमधील माहिती बदलावी लागते. शिवाय रस्त्यावरील गर्दीमुळे गाडीला उशीर होतो, तो वेगळाच. गाडीचे प्रत्यक्ष ठिकाण आणि उशीर कळवण्यासाठी २०११ मध्ये जीटीएफएसला एक जोड पद्धत मिळाली. गाडीवरील यंत्र आपले ठिकाण कळवत राहते आणि त्यावरून ती केव्हा पोहोचेल, याचा अंदाज काढतात. परंतु अंदाज आणि वेळापत्रक या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘वेळापत्रकाप्रमाणे’ आणि ‘गाडीच्या ठिकाणावरून’ असे वेगवेगळे लिहून प्रामाणिक ॲप उतारूला खरी स्थिती सांगते.

भिंतीवरचा फलक रंगवणारा रंगारी, पुस्तक छापणारा ब्रॅडशॉ आणि मोबाइलवर वेळ दाखवणारे ॲप घडवणारा आजचा अभियंता यांची साधने निराळी आहेत; जबाबदारी मात्र एकच आहे. तिघांनाही तो उतारू दिसत नाही, ज्याचा बेत त्यांच्या एका आकड्यावर अवलंबून असतो. न दिसणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवून जो आपला तक्ता पुन्हा एकदा तपासतो, त्याचेच काम खरे उपयोगी पडते. मग रात्री एक वाजून दहा मिनिटांनी थांब्यावर गाडी येते, दार उघडते आणि दमलेली परिचारिका निर्धास्तपणे आत चढते. तिच्यासाठी कोणी एवढा विचार केला होता, हे तिला ठाऊकही नसते.