कमावत कमावत भटकण्याचे वर्ष

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातून उत्तरेकडे निघाले ते देशदर्शनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानी आली होती, आणि तेथील दक्षिणेतून ऋणमुक्त व्हावे एवढाच त्यांचा हेतू होता. प्राप्ती अखेर बेताचीच झाली. परंतु वेढ्यात सापडलेल्या झाशीत राहून त्यांनी जे पाहिले ते ‘माझा प्रवास’ या ग्रंथात उतरले, आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेले ते पुस्तक आजही आवडीने वाचले जाते. पैसे मोजून आलेला प्रवासी परमुलखाच्या ओसरीवरच राहतो. ज्याच्या हाताला तेथे काम आहे, त्याला मात्र माजघरापर्यंत प्रवेश मिळतो.

परदेशी तरुणांच्या अशा कमाईसह भटकंतीला ऑस्ट्रेलियाने १९७५ पासून कायद्याचे रूप दिले आहे. आरंभी ही सवलत ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या देशांपुरती होती. भारतीयांसाठी तिचे दार २०२२ च्या व्यापारी करारान्वये मान्य झाले आणि प्रत्यक्षात २०२४ मध्ये उघडले. अठरा ते तीस वर्षे वयाच्या, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण पुरे केलेल्या आणि कामापुरते इंग्रजी येणाऱ्या भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ नावाचे असे १,००० परवाने दरवर्षी मिळावयाचे आहेत. उमेदवार अर्थातच अधिक असल्याने निवड सोडतीने होते. पहिल्या वर्षी तर दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज दाखल झाले. सोडतीत नाव नोंदविण्यास पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागते, शुल्क २५ डॉलर आहे, आणि नाव निघाल्यास मूळ अर्ज थोड्याच दिवसांच्या मुदतीत सादर करावा लागतो. म्हणून शिक्षणाचे दाखले, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर शिल्लक असल्याचा बँकेचा कागद, ही सारी तजवीज नशिबाची वाट न पाहता आधीच करून ठेवावी. अपत्याला बरोबर नेण्याची मुभा या परवान्यात नाही.

परवान्याची मुदत बारा महिन्यांची असते. परंतु सर्वसाधारणपणे एकाच मालकाकडे सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही, आणि शिक्षण घ्यायचे तर ते चार महिन्यांपुरतेच. म्हणजे एका जागी नोकरी धरून, पोस्टात खाते उघडल्यासारखी बचत करीत बसणे कायद्याच्या कर्त्यांना अभिप्रेत नाही. आपल्याकडील मध्यमवर्गीय मनाला नेमके हेच पटत नाही. मुलगा अभियंता होऊन फळे तोडायला जाणार म्हटल्यावर घरात जी शांतता पसरते तिच्यात चिंतेपेक्षा प्रतिष्ठेचा भाग मोठा असतो. आणि मग तडजोड म्हणून तो मेलबर्नमध्ये ओळखीच्यांकडे उतरतो, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरती म्हणतो, एखाद्या गोदामात काम करतो आणि वर्षअखेर परततो. यात गैर काही नाही. पण एवढ्यासाठी सोडतीत नशीब आजमावण्याचे प्रयोजन काय, हे मला कळत नाही.

त्या खंडाचा नकाशा आणि पिकांचे पंचांग शेजारी शेजारी मांडले, तर वर्षाची आखणी जवळजवळ आपोआप होते. उत्तरेस डार्विन आणि कॅथरीन या परिसरात सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुमारापर्यंत आंब्याचा हंगाम असतो. तेथील केन्सिंग्टन प्राइड ही जात, हिंदुस्थानच्या लष्करासाठी घोडे पोचवून परतणाऱ्या जहाजांबरोबर एकोणिसाव्या शतकात क्वीन्सलंडच्या बोवेन बंदरात आली असे मानतात. म्हणजे देवगडच्या तरुणाने तेथे आंबे उतरविणे हे एका अर्थी आप्तांच्या घरी जाऊन हातभार लावण्यासारखेच. देठ तुटताच उडणारा चीक कातडी भाजतो आणि फळावर डाग पाडतो, हे ज्ञान त्याला जन्मजात असते. आपण झेल्याने, देठ राखून, एकेक फळ उतरवितो. तेथे मात्र झाडांच्या रांगांमधून एक यंत्रगाडी सरकत जाते, तोडलेले फळ तिच्या उतरत्या ताडपत्रीवर पडते, आणि साबणपाण्याच्या फवाऱ्याखाली चीक धुऊन निघतो. तरीही लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे यांवाचून बागेत पाऊल टाकू नये. पावसाळ्यापूर्वीचे हे दिवस तेथे ‘बिल्ड-अप’ म्हणून ओळखले जातात. उकाडा आणि दमटपणा असा, की मे महिन्यातली मुंबई सुसह्य वाटावी. संध्याकाळी अंग निववावे म्हणून कोणत्याही अनोळखी नदीत उतरण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्या नद्यांत मगरी असतात आणि तेथील पाट्या उगाच लावलेल्या नसतात.

आंबा संपला की दक्षिणेची वाट धरावी. डार्विनपासून ॲडलेडपर्यंतचा, बव्हंशी स्टुअर्ट महामार्गाने जाणारा, रस्ता सुमारे ३,००० किलोमीटरचा आहे, आणि सुट्टी या संज्ञेला पात्र असे आठवडे याच वाटेवर खर्च करावेत. उबीरच्या खडकांवरील प्राचीन चित्रे उत्तरेतच पाहून घ्यावीत. उलुरूच्या पायथ्याची प्रदक्षिणा पायी करावी. त्या शिळेवर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, कारण ती ज्यांची आहे त्या अनंगू लोकांना ती पवित्र वाटते. ज्या देशात डोंगराडोंगरावर देव बसला आहे तेथून आलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागू नये. पुढे टास्मानियात डिसेंबर-जानेवारीत चेरी असते, हूऑन खोऱ्यात मार्चच्या आगेमागे सफरचंदे. मरे नदीच्या पाण्यावर पोसलेल्या मिल्ड्यूरा भागात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात द्राक्षे. मे महिन्यात दक्षिणेत थंडी पडू लागली की उत्तरेत कोरडा, प्रसन्न हवामानाचा पर्यटनाचा हंगाम सुरू होतो, आणि ब्रूमसारख्या गावांतील उपाहारगृहांना माणसे लागतात. मद्य वाढण्याच्या कामासाठी एका छोट्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मात्र आधी काढावे लागते.

दुसऱ्या वर्षाचा परवाना हवा असल्यास पहिल्या वर्षात तीन महिने विनिर्दिष्ट भागात विनिर्दिष्ट काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. तिसऱ्यासाठी दुसऱ्या वर्षात सहा महिने. हे भाग पिनकोडनिहाय ठरलेले असतात. सबब काम पत्करण्यापूर्वी तेथील पिनकोड यादीशी ताडून पाहावा आणि पगाराची प्रत्येक पावती जपून ठेवावी.

फसवणुकीचे प्रकार तेथेही आहेत, आणि ते बहुधा निवासाच्या आडून होतात. काम देण्याच्या मिषाने खोलीचे आगाऊ भाडे घेणारे, आठवडा उलटला तरी ‘पाऊस आहे, उद्या बघू’ म्हणणारे, पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ मागून घेणारे मुकादम आपल्याला अपरिचित नाहीत; फक्त त्यांची भाषा निराळी असते. पासपोर्ट कोणाच्याही स्वाधीन करू नये. क्वीन्सलंड आणि व्हिक्टोरिया या राज्यांत मजूर पुरविणाऱ्यांना परवाना सक्तीचा आहे आणि त्याची नोंदवही कोणालाही पाहता येते. फळांच्या वजनावर वा नगावर मजुरी ठरली असली, तरी एप्रिल २०२२ पासून बागायतीतील मजुरास ताशी किमान वेतनाची हमी आहे, आणि ती मोडली गेल्यास ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे परदेशीयालाही दाद मागता येते. निवास निवडताना भाड्याच्या आधी बाहेर पडण्याच्या वाटा पाहाव्यात. जून २००० मध्ये क्वीन्सलंडमधील चिल्डर्स गावी एका जुन्या हॉटेलच्या इमारतीतील वसतिगृहास आग लावली गेली आणि पंधरा तरुण प्रवासी दगावले. त्यांतील अनेक जण त्या भागात फळे-भाज्या तोडण्यासाठीच आलेले होते.

पैशाचा हिशेब निघण्यापूर्वीच मनाशी स्पष्ट असावा. भारतीयांना तेथील सरकारी वैद्यकीय योजनेचा लाभ नसल्याने विमा पदरचा काढावा लागतो. उतरताच कर-क्रमांकासाठी अर्ज करावा, नाहीतर पगारातून कितीतरी अधिक दराने कपात होते. आणि तो मिळाल्यावरही या परवानाधारकांच्या ४५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर बसतो. तेथील आर्थिक वर्ष जुलै ते जून असे आहे, आणि स्वतः विवरणपत्र भरणाऱ्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. मालक कामगाराच्या निवृत्तिनिधीत जी भर घालतो ती देश सोडल्यावर परत मागता येते खरी, परंतु तिच्यातून ६५ टक्के सरकारजमा होतात. उरलेल्या पस्तीस टक्क्यांसाठी अर्ज करण्याचा कंटाळा पुष्कळ जण करतात. तो करू नये; मात्र अर्ज परवाना संपून देश सोडल्यावरच मंजूर होतो, म्हणून निवृत्तिनिधीच्या प्रत्येक खात्याचा क्रमांक निघण्यापूर्वी लिहून घ्यावा.