शिक्षा आहे, विसावा नाही

सांभाळ करण्याची जबाबदारी असताना ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७च्या कायद्यात आहे. जे सोडून देत नाहीत, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलतात, भरवतात, रात्री चारदा उठतात, त्यांच्यासाठी मात्र त्या कायद्यात काही नाही. हा भार बहुतांशी बायकांवर पडतो. २०२४च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या लहानथोरांची काळजी घेत होत्या; पुरुष साधारण २१ टक्के. नोकरी सोडावी लागते, पाठ धरते, माणसं तुटतात. आणि यातलं काहीच रुग्णाच्या फाइलमध्ये लिहिलं जात नाही.

सांभाळणाऱ्यांना सरकारने मदत करावी म्हटलं, की ‘घरच्यांचं करायचं, त्याचे पैसे कसले?’ हा आक्षेप पहिला येतो. पण माया असली म्हणून झोप पुरत नाही. मदत मिळाल्याने माया आटते असं मानलं, तर बाळंतपणाच्या रजेलाही हरकत घ्यावी लागेल. शिवाय पैसा हा मदतीचा एकच भाग. केरळ सरकार ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठरवते. एवढ्यात ब्यूरोची बाई दोन दिवसही येणार नाही. तिथला खरा आधार वेगळा आहे. कोझिकोडला १९९३मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले, २००८मध्ये राज्याचं धोरण आलं आणि पंचायतीच्या पैशातून परिचारिका घरी जाऊ लागल्या. जखम धुणं, नळी बदलणं रुग्णासाठी असतं. ते कसं करायचं हे शिकवणं आणि ‘तुम्ही जेवलात का?’ असं विचारणं घरच्यांसाठी.

‘शेजारी धावून येत असतील तर सरकार हवंच कशाला?’ हा दुसरा आक्षेप अधिक कठीण, कारण स्वयंसेवेच्या कौतुकाआड सरकारला अंग काढून घेता येतं. पण शेजारी सोबतीला बसेल. मूत्रनलिका बदलणार नाही. पगारी परिचारिका पाठीशी असते तेव्हाच गाव टिकून मदत करतं. म्हणून हे काम आधीच अपुऱ्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईंच्या गळ्यात टाकणं हा उपाय नव्हे. केरळची पंचायत सबळ आहे, हे खरं. पण आपल्याकडे महाराष्ट्रात बचत गट आहेत, गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात शुभार्थींच्या, म्हणजे रुग्णांच्या, बरोबरीने शुभंकरांनाही, म्हणजे सांभाळणाऱ्यांनाही, जागा आहे.

तेव्हा सुरुवात तीन गोष्टींनी व्हावी: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला गृहभेटीसाठी एक वेगळी परिचारिका, घरच्यांना विसावा मिळावा म्हणून ग्रामीण रुग्णालयात रुग्णाला काही दिवस ठेवता येईल अशा खाटा, आणि मुलांसाठीच्या रजेसारखी वृद्ध आईवडिलांसाठीही रजा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची दिशा दाखवली आहेच. सांभाळणारी थकून आजारी पडली, की सरकारी दवाखान्यात एकाऐवजी दोन रुग्ण येतात. खर्च तेव्हाही होतोच.