उपासमारीत अस्थिमज्जेचे काय होते

रक्तातल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत तयार होतात. प्रौढांमध्ये हे काम मुख्यतः कटीची हाडे, मणके, बरगड्या आणि छातीच्या हाडात चालते. तिथे रक्त घडवणाऱ्या पेशींच्या शेजारी चरबीच्या पेशीही असतात.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात वजन वाढण्याच्या भीतीने माणूस जेवण इतके तोडतो की अंगावर मांस राहत नाही. तरीही मज्जेतली चरबी सुरुवातीला कमी होण्याऐवजी वाढते. उपासमार फारच लांबली की मात्र तीही आटते, रक्तघडणीच्या पेशी विरळ होतात आणि रिकाम्या जागेत हायल्युरॉनिक ॲसिडने भरलेला बुळबुळीत पदार्थ साचतो. बायोप्सीतला तुकडा नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवला तर हा भाग फिकट गुलाबी, एकसारखा दिसतो. अल्शियन ब्लू वापरले की निळा होतो. क्षयरोग, एड्स, कर्करोग आणि दीर्घ मद्यपानातही मज्जा अशी बदलू शकते, म्हणून कारण शोधावेच लागते.

रक्ततपासणीत बहुधा हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी कमी दिसतात. प्लेटलेट त्या मानाने क्वचित घटतात. पण अहवाल जवळपास ठीक असतानाही मज्जा बरीच बिघडलेली असू शकते. घटलेले वजन तिच्या स्थितीचा अधिक खरा अंदाज देते. एमआरआयमध्ये चरबीऐवजी पाण्याचा संकेत उमटतो, त्यामुळे कर्करोगाची शंका येते किंवा हाडातली बारीक भेग नजरेतून सुटते.

हिमोग्लोबिन कमी दिसले की घरचे लोक लोहाच्या गोळ्या आणतात. या रुग्णांत लोहाचा साठा पुष्कळदा पुरेसा असतो. कमी पडलेले असते ते अन्नच. पोषण पुनर्वसन केंद्रांत तीव्र कुपोषित बालकांनाही लोह पहिल्याच दिवसापासून देत नाहीत. भूक परतून वजन वाढू लागल्यावर देतात.

पुरेसा आहार मिळाला की मज्जा पूर्ववत होऊ शकते आणि रक्तपेशी काही आठवड्यांत सुधारू लागतात. मात्र उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते: इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत शिरतात आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून सुरुवातीचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज रक्त तपासत वाढवतात. हाडांची घनता मात्र इतक्या सहज भरून येत नाही. वजन सावरल्यावरही अस्थिभंगाचा धोका अनेक वर्षे राहतो, विशेषतः आजार किशोरवयात जडला असेल तर.