दोन घड्याळांच्या सीमेवर

एकाच शहरात दोन वेळा नांदू शकतात, हे मुंबईने दीर्घकाळ अनुभवले आहे. भारतीय प्रमाण वेळ १९०६ साली सुरू झाली. परंतु तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत शहरात प्रचारात होती. या दुहेरी कालगणनेने गैरसोय होई. पण दोन्ही घड्याळे एकाच गतीने चालत असल्यामुळे ३९ मिनिटे मिळवली की काम भागे. दोन घड्याळांतील अंतर क्षणोक्षणी बदलत असेल, तर मात्र प्रश्न निराळा होतो. अंकीय विद्युत्-मंडलांपुढे हाच प्रश्न उभा असतो.

अशा मंडलाचे सारे व्यवहार ० आणि १ या दोन अंकांत चालतात. दिंडीतील वारकरी ज्याप्रमाणे मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल टाकतात, त्याप्रमाणे मंडलातील प्रत्येक भाग क्वार्ट्झच्या स्फटिकापासून मिळणाऱ्या ठोक्याबरोबर आपली अवस्था बदलतो. एका ठोक्यावर चालणाऱ्या भागास आपण एक घटिकाक्षेत्र म्हणू. क्षेत्राच्या आत शिस्त असते. अडचण उद्भवते ती सीमेवर.

बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका येथील उदाहरण घेऊ. बंगळूर व हैदराबाद येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, एक किलोग्रॅमहून कमी वजनाचा ‘स्टडसॅट’ हा उपग्रह १२ जुलै २०१० रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी१५ या अग्निबाणाने अवकाशात नेला. त्याचे भूकेंद्र येलहंक्याच्या निट्टे मीनाक्षी तंत्रज्ञान संस्थेत उभारले होते. उपग्रहाचे घड्याळ वेगळे, भूकेंद्राचे वेगळे. सेकंदास १ कोटी ठोके देणाऱ्या दोन स्फटिकांत दहा लाखांत दहाचा फरक सहज असू शकतो. तेवढ्यानेच एक घड्याळ दर सेकंदास १०० ठोके पुढे जाते. शिवाय असा उपग्रह सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने फिरत असल्यामुळे, तो जवळ येताना त्याची लय लाखात सुमारे दोनाने जलद भासते आणि दूर जाताना तेवढीच मंद भासते. यास्तव वरून आलेला अंक खालच्या ठोक्याच्या संदर्भात केव्हा येईल, याचा कोणताही नियम सांगता येत नाही.

आलेला अंक टिपण्याचे काम ‘फ्लिप-फ्लॉप’ नावाचे लहानसे मंडल करते. ठोका पडताच ते समोरचा अंक पाहून स्मरणात ठेवते. त्यासाठी तो अंक ठोक्याच्या किंचित आधीपासून किंचित नंतरपर्यंत स्थिर असावा लागतो. नेमका त्याच अवधीत तो बदलला, तर फ्लिप-फ्लॉप ना ० वर जाते, ना १ वर. कौलारू छपराच्या आढ्यावर ठेवलेली गोटी जशी क्षणभर तोल सावरून राहते, तशी त्याची स्थिती होते. गोटी अखेर एका बाजूस घरंगळते. पण कोणत्या बाजूस आणि किती वेळाने, हे आधी सांगता येत नाही. या स्थितीस अर्धस्थायी अवस्था म्हणतात. ती टिकून असताना मंडलाच्या एका भागाने तोच संकेत ० म्हणून वाचला व दुसऱ्याने १ म्हणून वाचला, तर दोघे परस्परविरुद्ध कामे करू लागतात.

ही अवस्था खरोखर उद्भवते, याविषयी आरंभी पुष्कळ अभियंत्यांना शंका होती. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील टॉमस चेनी व चार्ल्स मोल्नार यांनी १९७३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा या प्रश्नाकडे अनेकांचे लक्ष वेधले.

यावर उपाय म्हणजे धीर धरणे. पहिल्या फ्लिप-फ्लॉपमागे त्याच ठोक्यावर चालणारे दुसरे ठेवतात. पहिल्याची गोटी डळमळली, तरी घरंगळण्यास तिला पुढच्या ठोक्यापर्यंत सवड मिळते. ही सवड थोडी वाढवली, तरी दोष कितीतरी पटींनी घटतो. समजा, सेकंदास १० कोटी ठोक्यांच्या मंडलात दर सेकंदास १० हजार वेळा असा डळमळीत क्षण येतो, आणि डळमळ टिकून राहण्याचा संभव दर एक पंचमांश नॅनोसेकंदास सुमारे २.७ पटींनी कमी होतो. (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.) मग २ नॅनोसेकंद थांबल्यास सरासरी दर दोन सेकंदांस एक दोष घडेल, ४ नॅनोसेकंद थांबल्यास साडेतेरा तासांत एक, आणि पूर्ण ठोकाभर, म्हणजे १० नॅनोसेकंद थांबल्यास सुमारे १६०० कोटी वर्षांत एक. विश्वाचे वयदेखील सुमारे १३८० कोटी वर्षेच आहे.

एका अंकाची व्यवस्था अशी लागली. परंतु अनेक अंकी संख्या सीमेपार न्यायची असेल, तर एवढ्याने भागत नाही. द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. सातावरून आठावर जाताना चारही अंक बदलतात. ऐन त्या वेळी कोणी ती संख्या टिपली, तर काही अंक जुने व काही नवे मिळून ११११, म्हणजे १५, अशी भलतीच संख्या हाती येते. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या पद्धतीत, जिचे एकस्व त्यांना १९५३ साली मिळाले, लगतच्या दोन संख्यांत एकच अंक वेगळा असतो: ७ साठी ०१००, तर ८ साठी ११००. म्हणून वाचणाऱ्यास जुनी संख्या मिळेल किंवा नवी. तिसरी मिळणार नाही. दोन क्षेत्रांमध्ये माहितीची रांग लावून तिच्या मोजणीसाठी ही पद्धत वापरतात.

दोष पूर्णपणे शून्यावर आणणारे मंडल मात्र असू शकत नाही. दोन उतारांमध्ये जसे आढे असणारच, तसा ० आणि १ यांच्यामध्ये समतोलाचा एक बिंदू असणारच. तो बिंदू नाहीसा करता येत नाही. किती काळ थांबल्याने धोका किती उरतो, हे मात्र मोजता येते. ते मोजून पुरेशी सवड ठेवणे हे अभियंत्याचे कर्तव्य होय. आणि जेथे ही मोजणी राहून जाते, तेथे चाचणीत निर्दोष ठरलेले यंत्रदेखील एखाद्या दिवशी अकस्मात चुकते व ती चूक शोधू गेल्यास पुन्हा सापडत नाही.