'गणित 55' : पहिल्या वर्षाच्या एका अभ्यासक्रमाची निवड आणि सिद्धतेची भाषा

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचे जे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत, त्यांपैकी एकाचे नाव विद्यापीठाच्या सीमा ओलांडून सर्वत्र पसरले आहे. 'गणित 55' हे ते नाव. हा अभ्यासक्रम दोन सत्रांचा असून शरद सत्रातील 55-अ मध्ये गटसिद्धांत व रैखिक बीजगणित, तर वसंत सत्रातील 55-ब मध्ये वास्तव व संमिश्र विश्लेषण शिकविले जाते. विषयांची ही नावे आपल्याकडील गणिताच्या पदवी-विद्यार्थ्यांसही परकी नाहीत. परकी आहे ती गती; आणि तिच्याहूनही अधिक परका आहे तो पहिल्याच दिवशी गृहीत धरला जाणारा भाषेचा एक सराव. प्रस्तुत लेखाचा विषय तो सराव हा आहे.

गणिताच्या अभ्यासक्रमाविषयी भाषाशास्त्राच्या अध्यापिकेने लिहावे हे काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. निमित्त असे घडले की, आमच्या विभागातील एका माजी विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीस हार्वर्ड येथे प्रवेश मिळाला. बारावीपर्यंतचे तिचे शिक्षण पुण्यात झाले होते. तिने मला लिहिले : "मॅडम, ताई म्हणते की तर्कशास्त्राचे तुम्हांलाच विचारावे. 55 घेऊ की 25? गणितात मला कधी पंच्याण्णवाच्या खाली गुण पडले नाहीत, पण तिथे सगळ्यांचेच तसे असणार." शेवटच्या वाक्यावरून मुलगी विचारी आहे हे दिसत होते. तरीही तिने गुण हेच माप धरले होते, आणि या प्रश्नात ते माप फारसे उपयोगी पडत नाही.

अभ्यासक्रमाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. 1960 नंतरच्या दशकात लिन लूमिस व श्लोमो स्टर्नबर्ग हे दोन प्राध्यापक हार्वर्डमध्ये प्रगत कलनाचा एक विशेष वर्ग घेत असत. त्यातूनच 1968 साली त्यांचा 'अ‍ॅडव्हान्स्ड कॅल्क्युलस' हा ग्रंथ सिद्ध झाला. 1970 साली 'गणित 55' च्या वर्गात सुमारे 75 विद्यार्थी बसले व वर्षअखेर सुमारे 20 उरले, अशी नोंद आहे. अभ्यासक्रमाच्या कीर्तीस मुख्यतः असे आकडेच कारणीभूत झाले. 1973 साली हार्वर्डला आलेले बिल गेट्स यांनीही हा वर्ग केला. गणितात आपल्याहून सरस माणसे आहेत याची जाणीव आपणांस हार्वर्डला आल्यावर झाली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अलीकडे अभ्यासक्रमाचे स्वरूप पुष्कळच सौम्य झाले असून, त्याच्याभोवती जमलेल्या दंतकथा दूर करण्यासाठी गणित विभागाने स्वतःच एक निवेदन प्रसिद्ध केले आहे. एखाद्या विद्यापीठ विभागास आपल्याच वर्गाविषयीच्या दंतकथा खोडून काढाव्या लागाव्यात, ही गोष्ट दुर्मिळच म्हटली पाहिजे.

55 ला पर्याय म्हणजे सोपे गणित, असे मात्र नाही. 'गणित 25' हाही सिद्धतांवर आधारलेला, चांगला कसदार अभ्यासक्रम आहे. फरक असा की, 25 मध्ये विद्यार्थ्याला सिद्धता लिहिण्याचा पूर्वपरिचय असलाच पाहिजे असे मानले जात नाही, 55 मध्ये तो मानला जातो. शिवाय 55-अ मध्ये 25-अ चा सारा भाग येऊन वर अमूर्त बीजगणिताचा, एरव्ही पुढे घ्यावयाचा, एक संपूर्ण अभ्यासक्रम सामावला जातो. 55-ब मध्ये संमिश्र विश्लेषणाची तीच गोष्ट. पहिल्या काही आठवड्यांत एका वर्गातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीकही असते. म्हणजे निवड 'धैर्य की भीती' अशी नसून, सिद्धतेची भाषा आपणांस येते की ती अद्याप शिकावयाची आहे, एवढाच मुद्दा खरोखर ठरवावयाचा असतो.

ही भाषा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'प्रत्येक विद्यार्थ्याने एक पुस्तक वाचले' हे वाक्य घ्या. याचे दोन अर्थ संभवतात. प्रत्येकाने आपापले कोणते तरी पुस्तक वाचले, हा एक. सर्वांनी मिळून एकच विशिष्ट पुस्तक वाचले, हा दुसरा. 'एक पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याने वाचले' असा शब्दक्रम फिरविला की दुसरा अर्थ पुढे येतो. 'प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक पुस्तक वाचले' म्हटले की पहिला अर्थ पक्का होतो. पारंपरिक मराठी व्याकरण 'एकेक', 'दहादहा' यांना पृथक्त्ववाचक संख्याविशेषणे म्हणते, ते याचसाठी. जे काम मराठी शब्दाच्या द्विरुक्तीने साधते त्यासाठी इंग्रजीला वेगळे शब्द जोडावे लागतात. तर्कशास्त्रात 'प्रत्येक' व 'एखादा' यांसारख्या पदांस संख्यापक म्हणतात. दोन संख्यापक एका वाक्यात आले की त्यांपैकी कोणता आधी, यावर अर्थ ठरतो. व्यवहारात ही संदिग्धता संदर्भाने आपोआप मिटते, म्हणून आपण तिच्याकडे लक्ष देत नाही.

गणितात संदर्भ मदतीस येत नाही. फलनाच्या सातत्याची व्याख्या पाहा. एखाद्या संख्येजवळ आपण डेल्टा इतक्या अंतराच्या आत राहिलो, तर फलनाचे मूल्य एप्सिलॉनपेक्षा कमी बदलते, असा तिचा गाभा आहे. आता 'प्रत्येक संख्येसाठी एखादा डेल्टा सापडतो' असे म्हटले तर ते साधे सातत्य झाले. 'एखादा डेल्टा असा सापडतो की तो प्रत्येक संख्येसाठी चालतो' असे म्हटले तर ते एकसमान सातत्य झाले. शब्द जवळजवळ तेच, क्रम उलटा. आणि गुणधर्म मात्र निराळे. वर्ग करण्याचे साधे फलन घेऊन हे पडताळता येते. मूल्यातील फरक 1 पेक्षा कमी राहावा अशी अट घातली, तर 1 या संख्येजवळ 0.4 हा डेल्टा चालतो. परंतु 1000 जवळ तो मुळीच चालत नाही. तेथे 0.0005 पेक्षाही किंचित कमी डेल्टा घ्यावा लागतो. पुढे जावे तसा तो आणखी लहान होत जातो. प्रत्येक संख्येला एकेक डेल्टा आहे. सर्वांना मिळून एक नाही. मराठी विद्यार्थ्यास हा भेद 'एक' आणि 'एकेक' या दोन शब्दांत समजावून देता येतो, असा माझा अनुभव आहे. मराठी गणित-पुस्तकांनी या सोयीचा फारसा उपयोग करून घेतलेला माझ्या पाहण्यात नाही.

हा भेद क्षुल्लक समजू नये. ऑगस्टिन कोशी हा विश्लेषणाच्या जनकांपैकी एक. त्याने 1821 साली असे प्रतिपादन केले की, संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीजही संततच असते. 1826 मध्ये आबेल याने त्यास अपवाद दाखविला. घोटाळा नेमका कोठे आहे हे उमगण्यास आणखी सुमारे दोन दशके लागली. 1847 साली जर्मनीत सायडेल व इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी स्वतंत्रपणे त्याचा उलगडा केला, आणि वायरश्ट्रास याच्या शिकवणुकीतून एकसमान अभिसरणाची कल्पना रूढ झाली. मुळाशी जो घोटाळा होता, तो संख्यापकांच्या क्रमाचाच. ज्या गोष्टीने युरोपातील श्रेष्ठ गणितज्ञांस पाव शतक अडवून धरले, ती अठरा वर्षांच्या मुलाने आठवड्याभरात आत्मसात करावी अशी येथे अपेक्षा असते. त्यात काही क्रौर्य नाही, कारण वाट आता मळलेली आहे. परंतु पहिल्या आठवड्यात गोंधळलेल्या मुलाने स्वतःस मंदबुद्धी ठरवू नये, इतके या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.

आपल्याकडील हुशार विद्यार्थी अभियांत्रिकीच्या संयुक्त प्रवेश परीक्षेसाठी जी तयारी करतात, ती शीघ्र व अचूक उत्तराची असते. तेथे उत्तर म्हणजे एक पर्याय किंवा एक संख्या. 55 च्या गृहपाठात उत्तर म्हणजे एक परिच्छेद, आणि त्यातील प्रत्येक 'म्हणून' तपासला जातो. दोन्ही कौशल्ये अस्सलच आहेत. परंतु पहिल्यातील प्रावीण्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही. म्हणून मी त्या मुलीस गुणांविषयी काही न लिहिता एक काम सांगितले. वॉल्टर रुडिन यांच्या 1953 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकातील सातत्यावरचे प्रकरण घ्यावे, व्याख्या वाचून पुस्तक मिटावे, आणि बंदिस्त अंतरालावर संतत असलेले फलन तेथे एकसमान संतत असते ही सिद्धता स्वतः लिहून पाहावी. किती वेळ लागला हे महत्त्वाचे नाही. तिसऱ्या दिवशीही ते काम हातात घ्यावेसे वाटते का, ते पाहावे.

याखेरीज दोन गोष्टी तिला कळविल्या. एक म्हणजे, कीर्ती हा निवडीचा निकष नव्हे. 'पंचावन्न' हा मुळात यादीतील एक क्रमांक. तो आता विशेषनाम, किंबहुना पदवीच झाला आहे, आणि पदवीकडे काही लोक ओढले जातात तसे काही दूर ढकललेही जातात. 2006 साली तेथील विद्यार्थी-वृत्तपत्राने शेवटपर्यंत टिकलेल्या वर्गाचे वर्णन छापले, त्यात एकही मुलगी नव्हती. त्या मुली गणितात कमी होत्या असे मानण्यास मला काहीच आधार दिसत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवाची. डॉक्टरेटच्या काळात, अर्थविज्ञानास उपयोग व्हावा म्हणून, मी एका विद्यापीठात अमूर्त बीजगणिताच्या वर्गात बसले आणि पाचव्या आठवड्यात तो सोडला. सोडल्याचे दुःख नाही. तेथील अध्यापक हसून म्हणाले, "भाषावाल्यांना हे जमत नाही," आणि पुढची दहा वर्षे मी ते वाक्य माझे स्वतःचे असल्यासारखे वागवले, याचे मात्र आहे. गणिताशी संबंध येणारे दोन चांगले प्रश्न त्या काळात मी हातचे जाऊ दिले. अलीकडे संख्यापकांवर काम करताना तेच बीजगणित, हळूहळू, कोणतीही परीक्षा समोर नसताना, शिकावे लागले. आणि ते आले. वर्ग सोडणे हा वेळापत्रकाचा निर्णय आहे. विषय सोडणे ही निराळी गोष्ट, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर फार नकळत होते.

तिच्याकडून चार पाने परत आली. पहिली दोन खोडलेली होती. तिसऱ्यावर सिद्धता होती, एका पायरीवर लंगडी. चौथ्यावर प्रश्न होता : अंतरालाची टोके वगळली तर युक्तिवाद नेमक्या कोणत्या ओळीवर मोडतो? तो वाचून मी तिला 55 घ्यावे असे कळविले. तिने तीन आठवडे तो वर्ग केला आणि नंतर 25 मध्ये गेली. तिने लिहिले की, गृहपाठ होत होता, परंतु आठवड्यात दुसऱ्या कशालाच वेळ उरत नव्हता, आणि तिला संस्कृतही शिकावयाचे होते. माझा सल्ला तिने मानला नाही. बीजगणिताचा पुढचा अभ्यासक्रम ती दुसऱ्या वर्षी घेणार आहे. त्याची यादी तिने पत्रासोबत पाठविली असून, 'एकेक' सारखा प्रयोग संस्कृतात कसा होतो असे विचारले आहे.